कंपनीच्या निवेदनावर विश्वास ठेवायचा की नाही, हे तुम्ही कशावरून ठरवता?

कोरा_कागद

सध्या मी कंपन्यांची निवेदनं आणि शाश्वतता अहवाल लक्ष देऊन वाचते आहे. तेल सांडलं, कारखान्यात माणसं दगावली, नदीत काहीतरी सोडल्याचं उघड झालं, की आधी काही काळ शांतता असते. मग ओरड वाढते आणि निवेदन येतं. 'पर्यावरण आणि समाजाप्रती आम्ही कटिबद्ध आहोत' हे वाक्य त्यात असतंच. पुढे जाडजूड वार्षिक अहवाल येतो, आणि त्यात ती घटना एका परिच्छेदात उरकलेली असते.

माझं मत आधीच सांगते. दबाव आल्याशिवाय मोठी कंपनी स्वतःला अडचणीत आणणारी माहिती सहसा देत नाही. पण दबावाखाली दिलेली सगळी माहिती खोटी असते असंही नाही, आणि माझी खरी अडचण तिथेच आहे.

नायकेचं उदाहरण घ्या. १९९० च्या दशकात इंडोनेशिया आणि व्हिएतनाममधल्या कारखान्यांवरून टीका सुरू झाली, तेव्हा 'ते कारखाने आमच्या मालकीचे नाहीत' हा कंपनीचा बचाव होता. कागदोपत्री तो खराही होता. मग विद्यापीठांतून आंदोलनं झाली, वर्तमानपत्रांनी विषय लावून धरला. मे १९९८ मध्ये संस्थापक फिल नाइट वॉशिंग्टनमध्ये पत्रकारांसमोर उभे राहून म्हणाले, की गुलामीची मजुरी, सक्तीचा ओव्हरटाइम आणि मनमानी छळ म्हणजेच नायके अशी लोकांची समजूत झाली आहे. कामगारांचं किमान वय आणि कारखान्यातल्या हवेचा दर्जा यांबद्दल त्यांनी आश्वासनं दिली. २००५ मध्ये कंपनीने सातशेहून अधिक पुरवठादार कारखान्यांची यादी जाहीर केली.

हा पुढचा इतिहास आज आपल्याला माहीत आहे. पण १९९८ मध्ये ते भाषण ऐकणाऱ्याला तो माहीत नव्हता. त्याने विश्वास ठेवायचा की नाही, हे कशावरून ठरवायचं? तुम्ही अशा वेळी काय पाहता?

धुकं

मी फोटो पाहतो. ओंजळीत रोपटं दिसलं की पान उलटतो. :)

पाणकळा

धुकं, पवनचक्कीसमोर हेल्मेट घालून हसणारी दोन माणसं राहिली की!

कोरा_कागद, चांगला धागा. वाचते आहे.

कात्रण

मी बरीच वर्षं एका मोठ्या कंपनीच्या जनसंपर्क विभागात होतो. निवेदन कसं तयार होतं ते सांगतो, म्हणजे वाचायला मदत होईल.

घटना घडली की पहिल्या काही तासांत एक प्राथमिक निवेदन जातं. त्याचा साचा तयारच असतो: काय घडल्याचं आम्हाला कळलं आहे, बाधितांबद्दल सहवेदना, यंत्रणांना सहकार्य, पुढची माहिती कधी देऊ. हा मसुदा विधी विभागाकडे जातो आणि तिथे कर्ता गायब होतो. 'आम्ही झडप बंद केली नाही' याचं 'झडप बंद झालेली नव्हती असं निदर्शनास आलं आहे' होतं. कारण उघड आहे, पहिलं वाक्य उद्या कोर्टात वाचून दाखवलं जाईल. मग गुंतवणूकदारांशी बोलणारी मंडळी मसुदा पाहतात आणि 'या घटनेचा उत्पन्नावर लक्षणीय परिणाम अपेक्षित नाही' हे वाक्य घालतात. तिन्ही टेबलांवरून फिरून आलेल्या कागदात माणसाचा आवाज राहत नाही.

म्हणून मी पहिल्या दिवसाच्या निवेदनावरून कंपनीला जोखत नाही. त्या दिवशी खुद्द कंपनीलाही फारसं माहीत नसतं. मी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याचं निवेदन पाहतो. तोवर आत माहिती आलेली असते. ती बाहेर येते का?

एप्रिल २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन हा तेलफलाट पेटला. ११ कामगार गेले. सुरुवातीला गळतीचा अंदाज दिवसाला १,००० बॅरल सांगितला गेला, मग ५,०००. शेवटी सरकारी शास्त्रज्ञांनी काढलेला आकडा सुरुवातीच्या दिवसांसाठी ६२,००० बॅरलच्या आसपास होता आणि एकूण गळती सुमारे ४९ लाख बॅरल. २०१२ मध्ये ती विहीर खोदणाऱ्या बीपी या तेल कंपनीने ज्या गुन्ह्यांची कबुली दिली, त्यांत गळतीच्या प्रमाणाबद्दल अमेरिकी काँग्रेसची दिशाभूल करणं हाही एक गुन्हा होता. गुंतवणूकदारांना चुकीचा अंदाज दिल्याबद्दल ५२.५ कोटी डॉलरचा दंड वेगळा. पहिल्या दिवशी माहीत नसणं मी समजू शकतो. माहीत झाल्यावर लहान आकडा धरून बसणं ही वेगळी गोष्ट आहे.

लोकांच्या लक्षात मात्र बीपीचे तेव्हाचे प्रमुख टोनी हेवर्ड यांचं 'मला माझं आयुष्य परत हवंय' हेच वाक्य राहिलं. मला त्या आकड्याचा जास्त राग आहे.

आडवाट

कात्रण, विधी विभागाला खलनायक करणं सोपं आहे. पण प्रत्येक कबुलीची किंमत कोर्टात मोजावी लागणार असेल, तर मोकळेपणाने बोलेल कोण? पारदर्शकता हवी म्हणायचं आणि जो बोलेल त्यालाच आधी धरायचं, हे मला पटत नाही.

तिन्हीसांजा

आडवाट यांच्या मुद्द्याला धरूनच एक खटला सांगते, तोही नायकेचाच.

टीकेला उत्तर म्हणून नायकेने पत्रकं काढली, विद्यापीठांच्या क्रीडा संचालकांना पत्रं लिहिली. 'आमच्या कारखान्यांत परिस्थिती चांगली आहे' असा त्यांचा सूर होता. मार्क कॅस्की या कार्यकर्त्याने दावा लावला, की ही विधानं खोटी आहेत आणि ग्राहकांची फसवणूक करणारी आहेत. कंपनीचं म्हणणं, हा सार्वजनिक वादातला आमचा सहभाग आहे, जाहिरात नव्हे, म्हणून अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं पूर्ण संरक्षण हवं. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये कॅस्कीची बाजू घेतली: आपला माल विकला जावा म्हणून ग्राहकांना उद्देशून केलेली विधानं व्यापारीच, त्यांना जाहिरातीचे नियम लागू. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकलं, पण निकाल न देताच परत पाठवलं आणि २००३ मध्ये १५ लाख डॉलरवर तडजोड झाली. पैसे कामगारांच्या परिस्थितीवर काम करणाऱ्या फेअर लेबर असोसिएशनला गेले.

आता आडवाट यांच्या कामाची गोष्ट: हा खटला चालू असताना नायकेने आपला पुढचा जबाबदारी अहवाल बाहेर प्रसिद्ध केला नाही. म्हणजे बोलण्यावर कायदा बसवला की काही काळ मौन येतं, हे खरं आहे. पण मौन कायम राहिलं नाही. २००५ चा अहवाल आला तो आधीपेक्षा जास्त तपशिलाचा होता, आणि कारखान्यांची यादी त्याच्याच सोबत आली. मला त्यातून असं दिसतं की 'खोटं बोललात तर कोर्टात याल' ही भीती कंपनीला गुळगुळीत विशेषणांकडून तपासता येणाऱ्या तपशिलांकडे ढकलू शकते.

आडवाट

किंवा कायमच्या मौनाकडे. दोन्ही शक्यता आहेत. पण खटल्याबद्दल आभार, हे तपशील माहीत नव्हते.

मोरचूद

दबावामुळे एखादी कंपनी बदलते की नाही हा एक प्रश्न झाला. पण दबावामुळे सगळ्यांनाच लागू होणारा अहवालाचा साचा तयार झाला, त्याकडे कोणी पाहत नाही.

२४ मार्च १९८९ ला एक्सॉन वाल्डेझ हे तेलवाहू जहाज अलास्कात खडकावर आदळलं. सुमारे १ कोटी १० लाख गॅलन कच्चं तेल समुद्रात गेलं. कंपनीचे प्रमुख लगेच तिथे गेले नाहीत आणि वर्तमानपत्रांतलं पानभर माफीपत्र यायला साधारण दहा दिवस लागले. जनसंपर्काच्या वर्गांत हे 'कसं वागू नये' म्हणून शिकवतात. पण त्याच वर्षी गुंतवणूकदार आणि पर्यावरण संघटना यांच्या सेरेस या गटाने दहा तत्त्वं मांडली. त्यांना आधी वाल्डेझ तत्त्वंच म्हणत. त्यात एक अट होती: आपल्या पर्यावरणविषयक कामगिरीचा हिशेब दरवर्षी जाहीर करायचा. पुढे १९९७ मध्ये याच गटाच्या पुढाकारातून ग्लोबल रिपोर्टिंग इनिशिएटिव्ह (जीआरआय) सुरू झाला, आणि २००० मध्ये त्याची पहिली मार्गदर्शक तत्त्वं आली. आज जगभरच्या कंपन्या 'जीआरआयनुसार' अहवाल काढतात, त्याचं मूळ त्या काळ्या किनाऱ्यावर आहे.

म्हणून कोरा_कागद, माझं उत्तर: एकटं निवेदन मी वाचतच नाही. मागच्या वर्षी याच रकान्यात काय लिहिलं होतं आणि शेजारच्या कंपनीने त्याच रकान्यात काय लिहिलं आहे, ते पाहतो. साचा असल्याचा फायदा हाच.

हिशेबनीस

मोरचूद यांनी रकान्यांचा विषय काढलाच आहे तर लिहिते, कारण हे अहवाल तयार करणं आणि तपासणं हेच माझं काम आहे. जरा लांबेल.

सगळ्यात आधी हद्द पाहा. कार्बनचा हिशेब २००१ पासून ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉलच्या पद्धतीने तीन टप्प्यांत मांडतात. पहिला टप्पा म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या बॉयलर, भट्ट्या, गाड्यांतून होणारं उत्सर्जन. दुसरा, विकत घेतलेल्या विजेमागचं. तिसरा, पुरवठादारांपासून ते ग्राहकाने वस्तू वापरून फेकेपर्यंतचं सगळं. तेल कंपनीचं बहुतांश उत्सर्जन तिसऱ्या टप्प्यात असतं, कारण ते तेल जाळतं दुसरंच कोणीतरी. तेव्हा 'आम्ही आमचं उत्सर्जन घटवलं' या वाक्यातलं 'आमचं' म्हणजे पहिले दोनच टप्पे असतील, तर मुख्य गोष्ट वाक्याच्या बाहेरच राहिली.

मग एकूण की प्रमाण? 'दर टन उत्पादनामागे उत्सर्जन घटलं' हे खरं असतानाच उत्पादन दुप्पट होऊन एकूण उत्सर्जन वाढलेलं असू शकतं. मुखपृष्ठावर घटलेला आकडा येतो, वाढलेला मागच्या परिशिष्टात.

आधारवर्षही बघायचं. ज्या वर्षी उत्सर्जन नेमकं जास्त होतं तेच वर्ष तुलनेला घेतलं की पुढची सगळी वर्षं आपोआप चांगली दिसतात.

विजेचा हिशेब दोन पद्धतींनी देता येतो. एक, ज्या ग्रिडवरून वीज घेतली त्याच्या सरासरीने. दुसरी, कराराने किंवा प्रमाणपत्रं विकत घेऊन ती वीज हरित धरायची. २०१५ पासून दोन्ही आकडे द्यावेत असा संकेत आहे. दोन आकड्यांत मोठी दरी असेल तर घट कारखान्यात झाली की खरेदी विभागात, हे कळतं.

आणि तळटिपा वाचा. 'मागील वर्षाचे आकडे सुधारून मांडले आहेत' असं दिसलं की थांबा. कधी कारण रास्त असतं, एखादा विभाग विकलेला असतो. कारण दिलंच नसेल तर प्रश्न विचारायलाच हवा.

गोड शब्द मला त्रास देत नाहीत. नको असलेला आकडा ज्या अहवालात मुख्य मजकुरात, कारणासकट दिलेला असतो, त्या अहवालावर मी जास्त विश्वास ठेवते. लक्ष्य हुकलं, या कारणाने हुकलं, पुढच्या वर्षी हे करणार. असे अहवाल आहेत, आणि ते तयार करणारी माणसं आत खूप भांडलेली असतात.

धुकं

वाचनखूण साठवली. अहवालात त्रयस्थ तपासणीचं एक पत्र असतं ना? ते असलं की निर्धास्त राहायचं का?

हिशेबनीस

पत्रात 'मर्यादित खात्री' लिहिलंय की 'वाजवी खात्री' ते पाहा. मर्यादित म्हणजे तपासणाऱ्याचं म्हणणं एवढंच, की आम्ही जे पाहिलं त्यात चुकीचं काही आढळलं नाही. वाजवी म्हणजे तो होकारार्थी मत देतो, की आकडे योग्य रीतीने मांडलेले आहेत. त्यासाठी नमुने, नोंदी, मोजमापाची साधनं यांची बरीच जास्त तपासणी लागते. आणि पत्र कुठल्या आकड्यांपुरतं आहे तेही पाहा. अनेकदा ते संपूर्ण अहवालाचं नसतं, निवडक रकान्यांचं असतं.

मोरचूद

हिशेबनीस, अप्रतिम प्रतिसाद. एक भर घालतो. आकडा असला, सरकारी चाचणीही झाली, तरी मोजमाप कुठल्या परिस्थितीत झालं हा प्रश्न राहतोच. फोक्सवॅगनने अमेरिकेत 'स्वच्छ डिझेल' म्हणून गाड्या विकल्या. त्या प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत उत्तीर्ण होत, कारण चाचणी चालू आहे हे ओळखणारं सॉफ्टवेअर गाडीतच होतं. रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइडचं प्रमाण मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जात होतं. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या चमूने गाड्यांना उपकरणं लावून प्रत्यक्ष रस्त्यावर मोजमाप केलं तेव्हा विसंगती दिसली, आणि सप्टेंबर २०१५ मध्ये प्रकरण फुटलं. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ते सॉफ्टवेअर होतं.

कंपनीने दिलेला आकडा, कंपनीच्या परवानगीशिवाय, कंपनीच्या आवाराबाहेर कोणी मोजून पाहू शकतं का? माझ्यासाठी हा कळीचा प्रश्न आहे.

उसवण

मोरचूद यांच्या शेवटच्या वाक्याला माझे दोन्ही हात वर.

मी तयार कपड्यांच्या धंद्यात गुणवत्ता तपासणीचं काम केलं आहे. सामाजिक तपासणीला येणाऱ्या पथकाची तारीख आधी कळते. एका कारखान्यात (नाव देत नाही) तपासणीच्या दिवशी पाळणाघराचं कुलूप निघायचं, आगीच्या वेळी बाहेर पडायच्या दारासमोरचे गठ्ठे हलायचे, हजेरीची दुसरी वही कपाटात जायची. कामाचे तास किती असं विचारलं तर काय सांगायचं, हे बायकांकडून आदल्या दिवशी पाठ करून घ्यायचे. अहवालात सगळं हिरवं. तो अहवाल ब्रँडकडे जायचा आणि ब्रँडच्या वेबसाइटवर 'आमच्या पुरवठादारांची नियमित तपासणी होते' हे वाक्य झळकायचं. वाक्य खरं होतं, तपासणी होतच होती. पण तिथे शिवणयंत्रावर वाकलेल्या बाईला त्या वाक्याचा काय उपयोग? मला आजही ते आठवलं की संताप येतो.

२४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ सावरमध्ये राणा प्लाझा कोसळली. १,१३४ माणसं मेली. आदल्या दिवशी इमारतीला भेगा दिसल्या होत्या. खालची बँक आणि दुकानं बंद राहिली, शिवणकाम करणाऱ्यांना मात्र कामावर बोलावलं. त्या इमारतीतल्या काही कारखान्यांची सामाजिक तपासणी आधी झालेली होती. इमारत उभी राहील का, हा त्या तपासणीचा विषयच नव्हता.

त्यानंतर जगभरच्या दबावातून जो करार झाला, त्या बांगलादेश अकॉर्डचा मला आदर वाटतो. आधीच्या आचारसंहिता कंपन्यांनी स्वतःच लिहिलेल्या, स्वतःच तपासायच्या, मोडल्या तर कोणी विचारणार नाही. अकॉर्डवर एका बाजूला ब्रँड आणि दुसऱ्या बाजूला कामगार संघटना यांनी सह्या केल्या. तो कायद्याने बंधनकारक होता, तपासणीचे निकाल कारखान्याच्या नावासकट जाहीर व्हायचे आणि वाद झाला तर लवादाकडे जाता यायचं. दोनशेहून अधिक कंपन्या त्यात आल्या.

म्हणून मी निवेदनात पाहते, की समोर दुसऱ्या कोणाची सही आहे का. एकट्याने केलेली प्रतिज्ञा एकट्याने मोडता येते.

पाणकळा

उसवण, वाचून गलबलले. लिहीत राहा.

आडवाट

उसवणताईंचा अनुभव वाचल्यावर हे लिहिणं कठोर वाटेल, पण लिहायला हवं. आपण सगळे असं धरून चाललो आहोत की दबाव आणणारा नेहमी बरोबर असतो.

१९९५, ब्रेंट स्पार. उत्तर समुद्रातली शेलची जुनी तरंगती तेलटाकी. ती अटलांटिकमध्ये खोल बुडवायची असं ठरलं होतं, ब्रिटिश सरकारची परवानगी होती, अभ्यास झालेले होते. ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेचे कार्यकर्ते टाकीवर चढले. जर्मनीत शेलच्या पेट्रोल पंपांवर बहिष्कार पडला, काही ठिकाणी हल्लेही झाले. जूनमध्ये शेलने माघार घेतली. आणि सप्टेंबरमध्ये ग्रीनपीसने माफी मागितली, कारण टाकीत ५,५०० टन तेल असल्याचा त्यांचा अंदाज चुकीचा होता. प्रत्यक्षात त्याच्या अगदी थोडा अंश होता.

शेलकडे आकडे होते, अभ्यास होता, परवानगी होती. हिशेबनीस आणि मोरचूद यांच्या कसोट्यांवर ते बऱ्यापैकी टिकले असते. तरी हरले. मग कसोटी फक्त कंपनीलाच का लावायची? आंदोलनाच्या पत्रकालाही लावा.

मोरचूद

आंदोलनाच्या आकड्यांनाही तीच कसोटी, पूर्ण सहमत. पण दोन गोष्टी. एक, ग्रीनपीसने ती माफी जाहीरपणे आणि काही महिन्यांतच मागितली. आपण कंपन्यांकडून हेच मागतो आहोत ना? दोन, तेलाचा आकडा चुकला तरी 'समुद्र ही टाकायची जागा आहे का' हा प्रश्न चुकला नव्हता. १९९८ मध्ये ईशान्य अटलांटिकच्या देशांनी अशा वापरात नसलेल्या बांधकामांना समुद्रात टाकायला बंदी घातली. ब्रेंट स्पारचे तुकडे नॉर्वेत एका धक्क्याच्या पायात वापरले गेले.

शेल हरलं याचं कारण मला वेगळं वाटतं. ते सगळं सरकारशी आणि तज्ज्ञांशी बोलले, लोकांशी बोलायची गरजच त्यांना वाटली नाही. परवानगी मिळाली म्हणजे संमती मिळाली असं धरलं.

कात्रण

मोरचूद, शेवटचं वाक्य जनसंपर्काच्या प्रत्येक कार्यालयात भिंतीवर लावायला हवं.

पाणकळा

थोडं अवांतर, पण मला हे फार बोचतं. कंपन्या दबावाला उत्तर देतात तेवढंच नाही, त्या दबाव वळवतातही.

बीपीने २००० मध्ये हिरवं-पिवळं सूर्यफुलासारखं बोधचिन्ह घेतलं, 'पेट्रोलियमच्या पलीकडे' अशी जाहिरात सुरू केली. त्या मोहिमेतच पुढे एक गणनयंत्र लोकांपुढे ठेवलं: तुमचा स्वतःचा कार्बन ठसा, म्हणजे तुमच्या वागण्यातून होणारं उत्सर्जन, किती ते मोजा. त्याही आधी, १९५३ मध्ये, अमेरिकेत कीप अमेरिका ब्यूटिफुल ही संस्था उभी राहिली, तीत पेयं आणि वेष्टनं बनवणाऱ्या कंपन्या होत्या. कचरा करणारी व्यक्ती दोषी, असा तिच्या जाहिरातींचा रोख असे. एकदाच वापरून फेकायच्या बाटल्या बाजारात कोणी आणल्या हा प्रश्न मागे पडला. जबाबदारीबद्दल इतकं बोलायचं की जबाबदारी दुसऱ्याच्या अंगावर जाऊन पडावी!

तिन्हीसांजा

पाणकळा, अर्धी सहमत. व्यक्तीने कचरा टाकू नये हे कंपनीने म्हटलं म्हणून खोटं होत नाही. आपलं वागणंही मोजायला हवंच.

पाणकळा

हो, मीही मोजते. पण मोजायला सांगणाऱ्याने आपली वही आधी उघडावी, एवढंच.

धुकं

दोन टक्क्यांचा विषय कसा नाही आला अजून?

तिन्हीसांजा

येऊ दे की. भारतात कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते. १ एप्रिल २०१४ पासून लागू. चांगली कामं झाली आहेत त्यातून, शाळा, पाणी, दवाखाने. पण एक घोटाळा झाला: 'सामाजिक जबाबदारी' म्हटलं की लोकांना हे दोन टक्केच आठवतात. नफा झाल्यावर कुठे खर्च केला, हे त्यात कळतं. तो नफा कमावला कसा, हे उरलेल्या कामकाजात असतं. त्यासाठी शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीचा बीआरएसआर (व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता) अहवाल वाचावा, २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना तो सक्तीचा आहे. कचरा, पाणी, अपघात, कामगारांच्या तक्रारी, सगळे रकाने आहेत.

कात्रण

कोरा_कागद म्हणतात की दबावाशिवाय कोणी स्वतःविरुद्ध बोलत नाही. एक अपवाद ठेवतो. २०११ च्या ब्लॅक फ्रायडेला, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या सवलतीच्या खरेदीच्या दिवशी, पॅटागोनिया या कपड्यांच्या कंपनीने न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात दिली: 'हे जॅकेट विकत घेऊ नका'. खाली त्याच जॅकेटचा हिशेब: १३५ लिटर पाणी, जवळजवळ २० पौंड कार्बन डायऑक्साइड, आणि जॅकेटच्या वजनाच्या दोन तृतीयांश कचरा. ते जॅकेट ६० टक्के पुनर्वापरित पॉलिस्टरचं होतं, म्हणजे मिरवायला जागा होती. तरी वाईट आकडे छापले.

आडवाट

आणि त्या जाहिरातीने नाव झालं ते झालंच. पण आकडे छापले हे मान्य, तेवढं श्रेय द्यायलाच हवं.

तिन्हीसांजा

आडवाट यांच्या 'कायमच्या मौना'बद्दल मघाशी उत्तर राहिलं होतं. मार्च २०२४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या न्यायालयाने केएलएम या विमान कंपनीच्या 'जबाबदारीने उडा' मोहिमेतले बहुतेक दावे दिशाभूल करणारे ठरवले. झाडं लावून विमानप्रवासाचा परिणाम भरून निघतो असं चित्र त्यात होतं. युरोपीय संघाचा नवा नियम २०२४ मध्ये आला, सप्टेंबर २०२६ पासून लागू: पुराव्याशिवाय 'पर्यावरणस्नेही' वगैरे मोघम दावे बंद, आणि केवळ भरपाईच्या जोरावर वस्तूला 'कार्बन न्यूट्रल' म्हणणं बंद. भारतातही ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हरित दाव्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली.

याने काही कंपन्या गप्प होतील. पण जाहिरातीत गप्प बसायची मोकळीक आणि सक्तीच्या अहवालात गप्प बसायची मनाई, अशी रचना मला योग्य वाटते. विशेषणं ऐच्छिक, आकडे बंधनकारक.

कोरा_कागद

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. मूळ प्रश्नाकडे येते. कात्रण: दुसऱ्या आठवड्याचं निवेदन. हिशेबनीस: हद्द आणि नको असलेला आकडा. मोरचूद: बाहेरच्याला मोजता येतं का. उसवण: समोर कोणाची सही आहे का. आता याच कसोट्या १९९८ च्या त्या भाषणाला लावल्या तर? किमान वय बुटांच्या कारखान्यात १८, कपड्यांच्या १६, हवेचा दर्जा अमेरिकी मानकाचा. ही आश्वासनं नेमकी होती, गुळगुळीत नव्हती. पण कारखाने कुठे आहेत हेच माहीत नव्हतं, तर बाहेरचा मोजणार काय?

उसवण

कोरा_कागद, तुम्हीच बोट ठेवलंत. अमेरिकेतल्या आंदोलक विद्यार्थ्यांनी नेमकी हीच मागणी लावून धरली होती: पत्ते द्या. आणि १९९९ मध्ये नायकेने काही विद्यापीठांचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यांची नावं जाहीर केली. त्याआधी, यादी दिली तर स्पर्धकांना फायदा होईल, असं या धंद्यात सगळेच म्हणायचे. म्हणजे १९९८ मध्ये भाषण ऐकणाऱ्याने विश्वास ठेवायचीही गरज नव्हती आणि फेटाळायचीही. त्याने पत्ते मागायचे. पत्ता मिळाला की तिथली संघटना, तिथला पत्रकार, शेजारच्या वस्तीतली बाई, कोणीही सांगू शकतं की वेबसाइटवर लिहिलंय ते खरं की नाही. ज्यांच्याबद्दल निवेदन आहे त्यांना उलट बोलता आलं पाहिजे.

आडवाट

पत्त्यांनी पगार वाढतो का पण?

उसवण

आपोआप नाही वाढत. पत्ता मिळाल्यावर संघटनेला ब्रँडचं नाव घेऊन मालकासमोर बसता येतं, 'तुझा माल कोणाकडे जातो ते आम्हाला ठाऊक आहे' म्हणता येतं. पगाराचं भांडण त्यानंतरचं आहे आणि ते अजून चालू आहे. म्हणूनच मी अहवालात आता पगाराचा रकाना शोधते. पुरवठादाराच्या कामगाराला किमान वेतन मिळतं एवढंच लिहिलंय, की घर चालेल इतकं वेतन मोजलंय? हा आकडा फार थोड्या जणांकडे सापडतो.

हिशेबनीस

उसवण, तो रकाना मीही शोधते. पुढच्या वेळी तपासणीला बसले की पुरवठादारांच्या वेतनाचा आकडा का नाही, हे लेखी विचारणार आहे. उत्तर आलं की इथेच लिहिते.